बाँडपटांतला सर्वोत्तम क्षण कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाँडचे दोन चाहते एकत्र आले की पहिला वाद ‘सर्वात चांगला बाँड कोण’ यावर होतो. तो कधीच मिटत नाही, आणि दहा मिनिटांत दोघंही त्याला कंटाळतात. मग खरी गोष्ट सुरू होते: ‘तो सीन आठवतो का?’ रात्र त्यात सरते. इतक्या वर्षांच्या अशा गप्पांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते इथे घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि ती मी मनापासून मानते.

आधी हिशेब करू. बाँडपट नेमके किती?

इऑन प्रॉडक्शन्सच्या मूळ मालिकेत 25. पहिला ‘डॉ. नो’ (1962), पंचविसावा ‘नो टाइम टु डाय’ (2021). शॉन कॉनरी सहा, जॉर्ज लेझनबी एक, रॉजर मूर सात, टिमथी डाल्टन दोन, पिअर्स ब्रॉस्नन चार, डॅनिएल क्रेग पाच. 1967 चा विनोदी ‘कसिनो रॉयाल’ आणि 1983 मध्ये कॉनरी परत आला तो ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ हे दोन या मालिकेबाहेरचे. इथे मी ते धरलेले नाहीत.

‘क्षण’ कशाला म्हणायचं? अख्खा पाठलाग चालेल का?

नाही चालणार. पाठलाग हा प्रसंग झाला. क्षण म्हणजे ज्याच्या आधी आपण एका मनःस्थितीत असतो आणि नंतर दुसऱ्या. काही सेकंद, फार तर दोन-तीन मिनिटं. टेम्स नदीतला बोटींचा पाठलाग मला खूप आवडतो, पण त्यातला नेमका कोणता सेकंद मनात राहिला असं विचारलं तर उत्तर देताना अडखळायला होतं. अडखळायला होत नाही, तो क्षण.

बरं, मग एकच सांगा.

‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (1977) मधली स्कीवरून कड्याखाली मारलेली उडी.

आता जरा सविस्तर सांगू द्या. पिवळ्या पोशाखातला बाँड बर्फाच्या उतारावरून निघालाय, मागे बंदूकधारी, आणि सत्तरीच्या दशकातलं ठेका धरायला लावणारं डिस्को संगीत जोरात चालू. उतार संपतो. पुढे जमीनच नाही. तो थांबत नाही, आणि कड्यावरून सुटतो त्याच वेळी संगीतही बंद होतं. उरतो फक्त वारा. कॅमेरा लांबून बघतोय, शॉट कापला जात नाही. एवढ्या मोठ्या कड्यासमोर माणूस मुंगीएवढा दिसतो, गटांगळ्या खात खाली चाललेला. पायातल्या स्की एकेक करून निघतात. आपण वाट बघतो. आणखी वाट बघतो. ‘आता काहीतरी व्हायला हवं’ असं मनात येतं, तरी काही होत नाही. मग पॅराशूटची छत्री उघडते. तिच्यावर ब्रिटनचा झेंडा, आणि त्याच वेळी बाँडची थीम कडाडते. पुढच्याच दृश्यात शीर्षकातले दोन स्त्रीहात ती छत्री अलगद झेलतात.

हे खरंच घडलेलं आहे. कथेत ऑस्ट्रिया असला तरी चित्रीकरण 1976 च्या जुलैमध्ये कॅनडातल्या बॅफिन बेटावर, माउंट अॅसगार्डच्या कड्यावर झालं. उडी मारणारा रिक सिल्व्हेस्टर. हवा साथ देईना म्हणून पथक तिथे दिवसेंदिवस ताटकळत होतं. उडी झाली तेव्हा मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीतून तो निसटला, आणि आपण पाहतो तो शॉट दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला आहे. पुढच्या वेळी नीट बघा: छत्री उघडत असताना सुटलेली एक स्की तिला घासून जाते. ती त्यात अडकली असती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

या उडीची कल्पना निर्मात्यांना एका जाहिरातीवरून सुचली होती. त्या जाहिरातीत याच कड्यावरून उडी मारताना सिल्व्हेस्टरच दिसतो, पण तिथे त्याने ती प्रत्यक्षात मारलीच नव्हती! कागदावर झालेली उडी त्याने चित्रपटासाठी खरी करून दाखवली.

पण उडी रॉजर मूरने मारलेलीच नाही. मग तो बाँडचा क्षण कसा?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण इतर बऱ्याच ठिकाणी तो लागू पडतो. जिथे पडद्यावरचा माणूस नट नाही हे आपल्याला कळतं आणि तेच खुपत राहतं, तिथे क्षण फसतो. इथे तसं होत नाही, कारण त्या वेळी आपण चेहरा शोधतच नसतो. एक माणूस पडतोय आणि त्याच्यापाशी काहीतरी युक्ती असेल एवढाच विश्वास आपल्याला धरून असतो. बाँड या व्यक्तिरेखेत याहून जास्त काय आहे? शिवाय छत्रीवर झेंडा लावून ठेवण्याचा रुबाब अगदी मूरच्या बाँडचा. कॉनरीच्या बाँडची छत्री काळी असती.

त्याआधीच्या चित्रपटातली हवेत गिरकी घेणारी गाडी याहून अवघड नव्हती का?

गणिताच्या दृष्टीने नक्कीच होती. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ (1974) मध्ये थायलंडमधल्या तुटक्या पुलावरून एएमसी हॉर्नेट गाडी उडते, हवेत एक पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरते. वेग, चढाचा कोन, वजनाची विभागणी असं सगळं आधी संगणकावर मांडलं होतं. आणि काम एकाच टेकमध्ये झालं.

तरीही हा क्षण पहिल्या पाचात येत नाही, आणि त्यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. गाडी हवेत असताना पार्श्वभूमीला शिट्टी वाजते, खेळण्यातल्यासारखी, वर जाऊन खाली येणारी. संगीतकार जॉन बॅरीला नंतर त्याचा पश्चात्ताप झाला होता. अख्ख्या पथकाने जीव पणाला लावून केलेलं काम त्या एका आवाजाने पोरखेळासारखं वाटायला लागतं. तीनच वर्षांनी त्याच मालिकेत माणूस कड्यावरून उडी मारतो आणि तिथे कुणीतरी संगीत बंद करण्याचा निर्णय घेतं. माझ्या लेखी बाँडपटांच्या सर्वोत्तम क्षणांची गुरुकिल्ली या दोन दृश्यांच्या फरकात आहे. ही मालिका ओळखली जाते ती तिच्या संगीतामुळे, पण तिचे सर्वात मोठे क्षण येतात ते संगीत गप्प बसतं तेव्हा.

कॉनरीच्या काळात असं उदाहरण आहे?

आहे, आणि पहिल्या क्रमांकासाठी माझ्या मनात खरी झुंज याच दृश्याशी होते. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (1963) मधली ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यातली मारामारी.

रॉबर्ट शॉचा ग्रँट ब्रिटिश हेर असल्याचं सोंग करून डब्यात शिरलाय. जेवताना तो माशाबरोबर लाल वाइन मागवतो. बाँडच्या हे ध्यानात येतं, पण त्याचा अर्थ उमगतो तो गुडघ्यांवर बसल्यावर, समोर पिस्तूल रोखलेलं असताना. तिथून सुटायला त्याच्याकडे उरते फक्त ग्रँटची हाव. बॅगेतली सोन्याची नाणी दाखवून तो ग्रँटला दुसरी बॅग स्वतःच्या हाताने उघडायला लावतो. गॅस फुटतो, दिवा जातो, आणि निळसर काळोखात त्या वीतभर जागेत दोन धिप्पाड माणसं एकमेकांवर तुटून पडतात. संगीत नाही. धापा, फुटणाऱ्या काचा, अंगावर अंग आदळल्याचे आवाज आणि रुळांचा खडखडाट. बरंचसं काम कॉनरी आणि शॉ यांनी स्वतः केलंय. संकलक पीटर हंटने ते इतक्या झपाट्याने कापलंय की कुणाचा हात कुठे लागला हे समजायच्या आधी पुढचा ठोसा बसलेला असतो.

मारामारी संपल्यावर बाँड टाय सारखा करतो, ग्रँटने घेतलेले स्वतःचे पैसे परत काढून घेतो आणि निघतो. जाताना त्याचाच ‘ओल्ड मॅन’ हा शब्द त्याला परत करतो. इतकी सूडाची भावना कॉनरीने नंतर क्वचितच दाखवली.

मग ‘गोल्डफिंगर’चा लेझर? बहुतेक जण तोच सांगतात.

तेही बरोबरच आहेत. 1964 च्या त्या दृश्यातला संवाद तर बाँड न पाहिलेल्यांनाही पाठ असतो. ‘मी बोलावं अशी अपेक्षा आहे का?’ या प्रश्नावर ‘नाही, तुम्ही मरावं अशी अपेक्षा आहे’ असं उत्तर. मला मात्र त्याच्यानंतरचं अर्धं मिनिट जास्त प्रिय आहे. किरण पायांच्या मधून वर सरकतोय, हातपाय बांधलेले, खिशात एकही युक्ती नाही. बाँड कुठेतरी ओझरते ऐकलेले दोन शब्द फेकतो: ‘ऑपरेशन ग्रँड स्लॅम’. त्याचा अर्थ त्याला ठाऊक नाही. पण गोल्डफिंगरला ते कळलेलं नाही, आणि तेवढ्यावर बाँडचा जीव वाचतो. यंत्रांसाठी प्रसिद्ध झालेल्या चित्रपटात नायक वाचतो तो निव्वळ थापेवर.

चित्रीकरणात लेझर नव्हताच. टेबलाखाली बसलेला माणूस गॅसच्या ज्योतीने आधीच करून ठेवलेली फट वितळवत पुढे सरकत होता आणि किरण नंतर पडद्यावर चढवला गेला. कॉनरीच्या चेहऱ्यावरचा घाम बघताना हे लक्षात ठेवा.

‘बाँड, जेम्स बाँड’ सर्वात आधी कधी?

‘डॉ. नो’ मध्ये, जुगाराच्या टेबलावर. दिग्दर्शक टेरेन्स यंगने त्याचा चेहरा बराच वेळ दाखवलेला नाही. पाठ दिसते, पत्ते हाताळणारे हात दिसतात. समोरची बाई हरत चालली आहे. तिचं नाव विचारणारा आवाज येतो आणि ती म्हणते, ‘ट्रेंच, सिल्व्हिया ट्रेंच.’ मग ती त्याचं नाव विचारते. सिगारेट पेटवता पेटवता तो तिच्याच ढंगात उत्तर देतो, आणि आपण त्याला प्रथम बघतो. म्हणजे जगभर नक्कल झालेली ती पद्धत मुळात त्या बाईची आहे! बाँडने तिला केवळ टोला परत दिला. हे एकदा लक्षात आलं की तो प्रसंग जास्त खुलतो.

44 वर्षांनी ‘कसिनो रॉयाल’ने (2006) हे वाक्य अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत राखून ठेवलं. क्रेग ते उच्चारतो आणि मगच थीम पूर्णपणे वाजते. तोवर ती कमावलेली असते.

क्रेगच्या काळातला सर्वोत्तम क्षण तोच का?

नाही. त्याच चित्रपटातला शॉवरखालचा. सुरुवातीचा क्रेनवरचा पाठलाग अप्रतिम आहे. पार्कूरचा (अडथळे उड्या मारत पार करण्याच्या कलेचा) जाणकार सेबास्टिअन फुकां भिंतीतल्या फटीतून माशासारखा निसटतो आणि बाँड तीच भिंत फोडून आरपार जातो. एका फटक्यात नवा बाँड कसा आहे हे कळतं.

पण शॉवरचं दृश्य मालिकेतल्या इतर कुठल्याही दृश्यासारखं नाही. जिन्यात बाँडने दोन माणसं मारली आहेत आणि त्याच्यासोबतच्या व्हेस्परने ते जवळून पाहिलंय. नंतर ती भरल्या कपड्यांनिशी पाण्याखाली बसलेली सापडते. हातावरचं रक्त जात नाही असं म्हणते. बाँड काही न बोलता शर्टासकट तिच्याशेजारी बसतो. थंडी वाजतेय का एवढंच विचारतो आणि हात लांब करून पाणी जास्त गरम करतो. 1962 पासून या मालिकेत शेकडो माणसं मेली, पण एखाद्या मृत्यूचा ओरखडा पाहणाऱ्यावर कसा उमटतो हे तिथे प्रथमच दिसलं. पटकथेत ती अंतर्वस्त्रांत असणार होती. अशा अवस्थेतली बाई कपडे काढायला थांबणार नाही, हा क्रेगचा मुद्दा होता. त्याने तो लावून धरला याबद्दल त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

सर्वात दुःखद क्षण?

‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’चा (1969) शेवट. लग्न लागून काही मिनिटं झालीत. गाडीवरची फुलं काढायला बाँड थांबतो. दुसरी गाडी भरधाव येते, गोळ्या सुटतात, आणि ट्रेसी जाते. पोलीस येतो तर बाँड त्याला सांगतो, काही नाही, ती जरा विश्रांती घेतेय, आम्हाला घाई नाही. डायना रिगचं डोकं त्याच्या मांडीवर, समोर काचेला गोळीचं छिद्र. पहिल्या टेकमध्ये लेझनबी रडला होता, पण ‘बाँड रडत नाही’ म्हणत दिग्दर्शक पीटर हंटने पुन्हा घ्यायला लावलं. (रेल्वेतली मारामारी कापणारा हंट तो हाच.) मला हंटचा निर्णय पटतो. न रडलेला तो चेहरा जास्त छळतो.

लेझनबी अभिनेता म्हणून कच्चा होता असं म्हणणाऱ्यांनी ही दोन मिनिटं पुन्हा बघावीत. त्यानंतर लगेच श्रेयनामावलीवर बाँडची थीम वाजायला लागते, ती मात्र मला आजही सहन होत नाही. तिथे शांतता हवी होती.

‘नो टाइम टु डाय’चा शेवट योग्य होता का?

यावरून मैत्रीत वितुष्ट आलेलं मी पाहिलंय. माझं उत्तर: हो, योग्य होता. बाँड अमर आहे हा नियम त्यांनी मोडला, पण उगाच मोडला नाही. क्षेपणास्त्रं येताहेत, छपरावर तो एकटा, आणि प्रेयसी मॅडेलिनशी शेवटचं बोलताना तो 1969 चेच शब्द वापरतो: तुझ्यापाशी जगातला सगळा वेळ आहे. तेव्हा ‘आपल्यापाशी’ होतं, आता ‘तुझ्यापाशी’. एका सर्वनामात 52 वर्षांचं अंतर. ज्यांनी जुना चित्रपट पाहिलेला नाही त्यांना हे दृश्य चांगलं वाटतं, ज्यांनी पाहिलाय त्यांना उठवत नाही.

डाल्टन आणि ब्रॉस्ननला काहीच नाही?

आहे. डाल्टनसाठी ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (1987): मालवाहू विमानाच्या मागे लोंबकळणाऱ्या जाळ्यावरची झटापट, खऱ्या आकाशात, खऱ्या माणसांनी केलेली. ब्रॉस्ननसाठी ‘गोल्डनआय’ (1995): स्वित्झर्लंडमधल्या व्हेर्झास्का धरणाच्या भिंतीवरून वेन मायकल्सने मारलेली बंजी उडी, 220 मीटर. सहा वर्षं बाँड पडद्यावर नव्हता आणि तो परत आला तो असा डोक्यावर खाली झेपावत.

‘ऑक्टोपसी’ भारतात घडतो. त्यातलं काही?

उदयपूरचं पिचोला तळं आणि लेक पॅलेस मोठ्या पडद्यावर बघताना छाती फुगते, आणि कबीर बेदीचा गोविंदा हा मालिकेतल्या सर्वात दमदार सहखलनायकांपैकी एक. खेळातल्या फाशांचा हातात चुरा करताना त्याचा चेहरा जरासुद्धा हलत नाही. विजय अमृतराज गारुडी बनून पुंगीवर बाँडची थीम वाजवतो तेव्हा हसू येतंच. पण रिक्षाच्या पाठलागात निखाऱ्यांवर चालणारे, तलवार गिळणारे असे सगळे एकाच गल्लीत गोळा केलेत. 1983 साली परदेशी निर्मात्यांना हवा असलेला तो भारत होता, आणि तो बघताना मला अजून अवघडल्यासारखं होतं.

त्या चित्रपटाचा खरा क्षण वेगळाच आहे. सर्कशीत बाँब आहे, वेळ संपत आलीये, आणि विदूषकाच्या वेषातला बाँड सगळ्यांना कळवळून सांगतोय. प्रेक्षक हसताहेत. रंगवलेल्या चेहऱ्यामागे मूरच्या डोळ्यांत भीती दिसते. मूरला कुणी विनोदी बाँड म्हणून मोडीत काढलं की मी हेच दृश्य पुढे करते.

खलनायकाचा सर्वोत्तम प्रवेश?

‘स्कायफॉल’मधला (2012) सिल्व्हा. जवळजवळ अर्धा चित्रपट सरल्यावर तो येतो. लांबलचक दालनाच्या टोकाला लिफ्ट उघडते, आणि हाविएर बार्देम उंदरांची गोष्ट सांगत सांगत, शॉट न तुटता, खुर्चीला बांधलेल्या बाँडपर्यंत चालत येतो. हातात शस्त्र नाही, आवाज चढलेला नाही.

थीमचं भारताशी नातं आहे असं म्हणतात. खरं का?

खरं आहे. माँटी नॉर्मनने मूळ चाल व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर बेतायच्या संगीतिकेसाठी रचली होती, एका अशुभ शिंकेबद्दलच्या गाण्याची, भारतीय वळणाची. ती संगीतिका झाली नाही. तीच चाल पुढे जॉन बॅरीने बांधली आणि व्हिक फ्लिकने गिटारवर वाजवली.

सर्वात फसलेला क्षण?

‘डाय अनदर डे’ (2002) मध्ये लाटेवर स्वार झालेला बाँड. लाट खोटी, माणूस खोटा, आणि ते दोन्ही दिसतं. अदृश्य गाडीवर लोक जास्त चिडतात, पण ती निदान गोष्टीतली अतिशयोक्ती होती.

एकही बाँडपट न पाहिलेल्या मित्राला आधी काय दाखवू?

‘कसिनो रॉयाल’, मग ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’, मग 1969 चा. ‘नो टाइम टु डाय’ त्यानंतरच. आणि ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ लावाल तेव्हा आवाज मोठा ठेवा, उडीबद्दल आधी अवाक्षरही काढू नका, आणि बाँड कड्यावरून सुटला की पडद्याकडे न बघता मित्राकडे बघा.